दगडातील अस्थी आणि त्यांचे ठिकाण

इंदूरच्या पश्चिम भागातील सुदामानगर ही वस्ती माळव्याच्या काळ्या पाषाणावर उभी आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या खालचे जग पाहावयाचे, तर धारची वाट धरून सुमारे दीडशे किलोमीटरवरील बाघला जावे. तेथील लेणी पाहून प्रवासी परततात; पण त्याच परिसरातील चुनखडकात शिंपले, समुद्री साळू आणि शार्कचे दात रुतलेले आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र शिरला होता, त्याची ही साक्ष. प्रमथनाथ बोस यांनी या थरांचा वृत्तान्त १८८४ साली प्रसिद्ध केला.

सागरी सरटाचा सांगाडा पाहावयाचा, तर मात्र कच्छकडे वळावे लागते. तेथील लोडाई गावाजवळ २०१६ साली मत्स्यसरटाचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा मिळाला. कवटीचा व शेपटीचा काही भाग सोडल्यास तो बहुतांशी जागच्या जागी होता. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी त्याचे वर्णन २०१७ साली प्रसिद्ध केले. हा जीव सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. बाघच्या समुद्राहूनही कितीतरी जुना.

असा सांगाडा उकरणे हे कुदळीचे काम नव्हे. प्रथम वरचा कातळ दूर करावयाचा, मग छिन्नी आणि कुंचला. प्रत्येक हाडाचे स्थान आराखड्यावर उतरवावयाचे. ठिसूळ हाड पातळ चिकट द्रावाने बळकट करावयाचे. त्यावर ओला कागद, त्यावर प्लॅस्टरमध्ये भिजविलेले गोणपाट. मोडलेल्या हातास बांधतात तसेच. भोवतालच्या दगडासह तो गठ्ठा प्रयोगशाळेत जातो आणि तेथे भिंगाखाली, सुईच्या टोकाने, कणाकणाने दगड काढला जातो. या दुसऱ्या कामास पहिल्याहून अधिक दिवस लागतात. घाई केली की हाडही दगडाबरोबर निघून जाते.

आपल्याकडे आरंभी ही शिस्त नव्हती. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८ साली जबलपूरजवळ प्रचंड अस्थी मिळाल्या. त्या हस्ते-परहस्ते कलकत्त्यास पोहोचल्या, १८७७ साली लिडेकरने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले, आणि पुढे त्या चक्क हरवल्या! त्यांतील शेपटीचा मणका भूवैज्ञानिक धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांना २०१२ साली कलकत्त्यातील संग्रहातच सापडला. जे कपाटात हरवते, ते जमिनीत हरवल्याहून वाईट, असे मला वाटते.

धार जिल्ह्यातील पाडल्या गावाची गोष्ट निराळी. तेथे शेतात मिळालेले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जात. शेत व गुरे राखणारा हा देव. ते गोळे महाकाय सरटांची अंडी होत, असे लखनौच्या तज्ज्ञांनी सांगितल्याचे २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. भक्तीने ते गोळे फुटू दिले नाहीत, ही मोठीच गोष्ट. पण एकदा शेतातून उचललेले अंडे कोणत्या घरट्यातले, हे मात्र आता कोणीच सांगू शकत नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी जागेवरच नोंदली गेली. घरटी एकमेकांस अगदी लागून आहेत. त्यावरूनच ही जनावरे समूहाने अंडी घालीत असावीत, असा तर्क करता आला.