सातासमुद्रापलीकडील खुशाली

ज्या घरचा पुत्र समुद्रापार लढावयास जातो, त्या घरी युद्ध टपालाच्या थैलीतून येते. आमच्या इतिहासग्रंथांत लढाया आहेत, सेनापती आहेत. त्या थैलीचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. तो थोडासा समाजबंधूंपुढे मांडावा, असा आमचा मानस आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सैनिक व कामगार मिळून सुमारे 1,38,000 माणसे फ्रान्समध्ये गेली. त्यांतील बहुतेक निरक्षर. पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि गावी वाचून दाखविणारा तिसरा, अशी ती रीत होती. मध्ये चौथा बसे, तो सेन्सॉर. कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली बुलोन येथे ही कचेरी सुरू झाली. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे सरकारासाठी होत. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. शिपाईही काही कमी नव्हते. देशी सैनिकास काळी मिरी व गोऱ्यास लाल मिरची म्हणून ते रणांगणाची वार्ता बाजारभावासारखी घरी कळवीत. जखमींसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात रुग्णालय उघडले होते. तेथे जातधर्म पाहून नऊ स्वयंपाकघरे मांडावी लागली. (देश सुटला तरी चूल सुटली नाही, हे जातीच्या मंडळाने मनाशी ठेवण्याजोगे आहे.)

मराठी घरांस सर्वांत कठीण गेले ते मेसोपोटेमियातील कूत. 103, 110 व 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी तेथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर 1915 मध्ये पडलेला वेढा 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीने संपला आणि सुमारे 13,000 माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतील पुष्कळ परतली नाहीत. पत्र येत नाही याचा अर्थ काय घ्यावा, हे घरच्यांना कोण सांगणार?

आता आमचाच एक प्रसंग सांगतो. ब्रह्मपुरीच्या आसपासच्या शाळांत आम्ही तीसहून अधिक वर्षे मुले शिकविली; पगार त्याचा होता. गावाची पत्रे वाचणे व लिहिणे हे बिनपगारी काम. जुलै 1987 मध्ये भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. ती मार्च 1990 मध्ये परत आली, तोवर आपले सुमारे 1,200 जवान तेथे कामी आले होते. आमच्या गावचा एक तरुण त्या सैन्यात होता. त्याची आई दर पंधरवड्यास आंतर्देशीय पत्र घेऊन शाळेच्या ओट्यावर येई. ती सांगे, आम्ही लिहू. सून बाजूस उभी राही. सासूसमोर ती काय सांगणार? शेवटी एवढेच म्हणे, "लिहा गुरुजी, पोरगी चालू लागली."

1988 च्या पावसाळ्यात त्याचे वडील धानाच्या बांधीत साप चावून गेले. कार्डाचा कोपरा फाडून पाठवावे, ही जुनी चाल. आई म्हणाली, "इतक्या दूर एकटा आहे तो, गुरुजी. सुट्टीवर येईल तेव्हा कळेल." आम्ही लिहिले, सर्व खुशाल आहेत. पुढील चार पत्रांतही तेच लिहिले. त्याचे उत्तर येई तेव्हा प्रत्येक वेळी पहिली ओळ बाबांस साष्टांग नमस्काराची असे, आणि ती मोठ्याने वाचावी लागे.

दिवाळीनंतर तो आला. वैनगंगेवर जाऊन आला, डोके उतरविले आणि सायंकाळी आमच्या दारी उभा राहिला. रागावला नाही. "गुरुजी, अक्षर तुमचे होते, म्हणून मी विश्वास ठेवला," एवढेच बोलला. आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

परत गेल्यावर त्याचे एक पत्र थेट आमच्या नावे आले. त्यात पोरीस शाळेत घालण्याविषयी दोन ओळी होत्या, आणि खाली लिहिले होते की, माय काहीही सांगो, मला वेगळे कार्ड टाकून खरे काय ते कळवीत जा. तशी सात कार्डे आम्ही टाकली. त्यांतील एकही आईस वाचून दाखविले नाही.