निरोप कुणी कुणाला द्यायचा?

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला छोटा आहे. एका ऑब्जेक्टमध्ये बदल झाला, तर तो दुसऱ्याला कळावा कसा?

एक मार्ग म्हणजे सतत विचारत राहणं. रॉकेल आलं का, म्हणून रेशनच्या दुकानात लोक खेपा घालायचे, तसं. दुसरा मार्ग असा, की दुकानदाराकडे नाव लिहून ठेवायचं. रॉकेल आलं की तोच निरोप धाडेल. कॉलबॅक म्हणजे हेच.

१९७८-७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून आले. जहाजबांधणीसाठीच्या सॉफ्टवेअरचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. माहिती एकच, पण पडद्यावर तिची रूपं अनेक. माहिती बदलली की सगळी रूपं बदलली पाहिजेत. यातूनच डिसेंबर १९७९ मध्ये ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ हे नाव पुढे आलं.

स्मॉलटॉक-८० मध्ये याची यंत्रणा साधी होती. मॉडेल स्वतःलाच ‘चेंज्ड’ हा संदेश पाठवतं. मग यादीतल्या प्रत्येकाला ‘अपडेट’ जातो. गंमत बघा, समोर तक्ता आहे की आलेख, हे मॉडेलला माहीतच नसतं. म्हणून उद्या नवं रूप जोडलं तरी मॉडेलला हात लावावा लागत नाही.

पण मेख त्या यादीतच होती. साध्या ऑब्जेक्टसाठी ही यादी एका सामायिक कोशात राहायची. गिऱ्हाईक गाव सोडून गेलं तरी वहीत नाव तसंच! नाव काढायचं राहिलं, की निकामी ऑब्जेक्टही मेमरी अडवून बसायचे. पुढे ‘मॉडेल’ या वेगळ्या क्लासमध्ये ज्याची यादी त्याच्याचकडे ठेवली गेली.

१९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकानं या रचनेला ‘ऑब्झर्व्हर’ म्हटलं. १९९६ च्या जावात ती तयार मिळू लागली. मात्र तिथे ‘ऑब्झर्व्हेबल’ हा क्लास होता. जावात एकाच क्लासचा वारसा घेता येतो, म्हणजे निरोप द्यायच्या सोयीपायी तो एकुलता हक्क खर्ची पडायचा. शिवाय निरोप कोणत्या क्रमानं जातील, याची हमी नव्हती. २०१७ मध्ये जावा ९ नं तो क्लास ‘यापुढे वापरू नका’ असं जाहीर केलं.

क्लास मोडीत निघाला, कल्पना मात्र टिकली. आज बटणावर बोट ठेवलं की जे घडतं, त्यामागे अशीच एक यादी असते. तेव्हा नाव नोंदवताना एवढं ठरवूनच ठेवा, की ते खोडायचं कुणी आणि केव्हा.