राणीच्या बागेची वर्गणी आणि धारवाडचा कापूस

सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहिताना उद्‌घाटनाची तारीख, कोनशिलेवरील नाव आणि समारंभास उपस्थित असलेल्या मान्यवरांची यादी यांचा तपशील सहज हाती लागतो. परंतु ठरविलेला खर्च आणि जमलेला निधी यांत जे अंतर पडले ते कसे भरून निघाले, याकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक संस्थेचे खरे चरित्र या अंतरातच दडलेले असते. ग्रंथालय असो, वस्तुसंग्रहालय असो की शहरातील बाग असो, उत्साहाच्या पहिल्या लाटेत जमलेला पैसा शेवटपर्यंत पुरल्याचे उदाहरण विरळाच. मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातील संग्रहालय यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे; आणि हुबळी-धारवाडच्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. ज्या संपत्तीच्या बळावर ते स्वप्न पाहिले गेले, तिचा एक धागा याच काळ्या जमिनीतून निघालेला आहे.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पश्चिम हिंदुस्थानची कृषि-उद्यान संस्था काम करीत होती. तिची बाग शिवडी येथे होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि बागेला नवी जागा शोधणे भाग पडले. दुसरीकडे, १८५१ चे लंडनचे आणि १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन या निमित्तांनी मुंबई इलाख्यातील कलाकुसरीच्या व उपजांच्या वस्तूंचा एक संग्रह कोटातील बराकीत आकाराला आला होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला त्या बराकीची गरज भासली आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढच्या वर्षी डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे या संग्रहाची व्यवस्था आली. इलाख्यातील वनस्पतिज उत्पन्नांची सूची सिद्ध करणारा हा वैद्यक-पंडित बागेच्या कामातही तितक्याच हिरिरीने पडला. बाग आणि संग्रहालय एकाच आवारात असावे, ही कल्पना पुढे आली ती याच काळात.

१८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला. त्या निमित्ताने शहरात काही स्मारक व्हावे या विचाराला चालना मिळाली, आणि १८६१ च्या डिसेंबरात प्रिन्स आल्बर्ट यांचे निधन झाल्यावर संग्रहालयास राणीच्या नावाबरोबर त्यांचेही नाव जोडले गेले. राजनिष्ठेच्या या आवरणाखाली काम मात्र एतद्देशीय पुढाऱ्यांचे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही त्यांतील दोन अग्रगण्य नावे. शंकरशेटांच्या शब्दाला व्यापारी पेठेत वजन होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले वैद्य, आणि शिलालेखांच्या वाचनाने विद्वन्मान्य झालेले संशोधक. वर्गणीच्या यादीवर अशा माणसांची नावे असली की इतरांचे हात सैल होतात, हा अनुभव त्या काळीही येत होता. सरकारनेही जागा आणि एक लाख रुपये देण्याचे मान्य केले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांना खुली झाली आणि त्याच वर्षी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसविली.

हे सारे एवढ्या सहजतेने घडून आले, कारण त्या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा जी जादा प्राप्ती झाली, ती ७ ते ८ कोटी पौंडांच्या घरात असल्याचे सांगतात.

धारवाडचा संबंध येतो तो येथेच. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. न्यू ऑर्लिन्सचे बी आणून अमेरिकन जातीच्या कापसाची लागवड करण्याचे प्रयोग कंपनी सरकारने १८४० च्या दशकात अनेक ठिकाणी केले. ते बहुतेक ठिकाणी फसले. धारवाड, हुबळी, गदगच्या काळ्या रानात मात्र ते पीक रुजले. 'धारवाड-अमेरिकन' हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात ओळखीचे झाले. येथल्या मूळच्या देशी कापसाला तर ज्या बंदरातून तो निघे त्या बंदराचेच, 'कुमठा' हे नाव पडले. या भागात रेल्वे आली १८८० च्या दशकात. तोवर गाठोडी बैलगाड्यांवर लादून घाट उतरवावी लागत आणि कुमठ्याहून गलबतांनी मुंबईस जात. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबईला जोडण्यात आला व कारवार बंदराच्या विकासाच्या योजना निघाल्या, त्यामागे हा कापूसच होता. राणीच्या बागेच्या वर्गणीदारांत धारवाडच्या शेतकऱ्याचे नाव अर्थातच आढळणार नाही. पण त्या याद्यांवर ज्यांच्या सह्या होत्या त्यांच्या थैल्या भरण्यात त्याचा हात होता, हे नाकारता येणार नाही.

पुराचे पाणी जसे आले तसेच ओसरले. कापसाच्या नफ्यातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या होत्या. बॅकबे कंपनीचा ५ हजार रुपयांचा शेअर ५० हजारांपर्यंत चढला होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. तोच शेअर दोन हजारांच्याही खाली आला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जगन्नाथ शंकरशेट यांचे निधन झाले. भाऊ दाजींनाही शेअरबाजाराच्या या आपत्तीने आर्थिकदृष्ट्या खचविले. म्हणजे एकाच पावसाळ्यात योजनेचा आश्रयदाता गेला, सूत्रधार कर्जात सापडला आणि वर्गणीदारांपैकी अनेकांची दिवाळी निघाली. संग्रहालयाच्या इमारतीचे काम निधीअभावी बंद पडले. वर्गणीची यादी आणि हाती आलेली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका कठोर धडा क्वचितच एखाद्या संस्थेला मिळाला असेल.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. योजना सोडून द्यावी असे वाटण्यासारखीच परिस्थिती होती. अर्धवट भिंती असलेल्या इमारती त्या मंदीत अनेक झाल्या. येथे मात्र जमीन ठरलेली होती, बाग लोकांच्या अंगवळणी पडली होती आणि जमलेला पैसा दगडविटांत गुंतला होता. माघार घेणे पुढे जाण्यापेक्षा महाग पडले असते. १८६८ मध्ये सरकारने काम हाती घेतले आणि २ मे १८७२ रोजी, म्हणजे कोनशिलेनंतर जवळजवळ दहा वर्षांनी, संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. एकूण खर्च सुमारे ४ लाख ३० हजार रुपये झाला. सरकारने प्रारंभी मान्य केलेल्या रकमेच्या हा चौपटीहून अधिक होता.

बागेपुढील अडचण वेगळ्या जातीची होती. इमारत एकदा उभी राहिली की काही काळ तग धरते. बाग रोज पाणी मागते, माळी मागते, कुंपणाची डागडुजी मागते. भांडवली खर्चासाठी दाते मिळतात, कारण त्यावर नाव कोरता येते. बागेच्या द्वारापाशी डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळ-मनोरा आजही उभा आहे. पण रोजच्या शिंपणावर कोणाचे नाव कोरता येत नाही. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेत करदात्यांचे प्रतिनिधी आले आणि पुढच्याच वर्षी, कृषि-उद्यान संस्थेचे कार्य थांबल्यावर, बाग नगरपालिकेच्या स्वाधीन झाली. तूट खऱ्या अर्थाने मिटली ती या वेळी. मूठभर श्रीमंतांच्या औदार्याची जागा सर्व करदात्यांच्या थोड्या थोड्या वाट्याने घेतली. १८९० मध्ये बागेला आणखी १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालय करता आले, ते या स्थिर पायामुळेच.

तथापि करदात्यांचा पैसाही सर्वकाळ पुरतो असे नाही. १९७५ मध्ये संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. परंतु नामकरणाने छप्पर दुरुस्त होत नाही. इमारत जीर्ण होत गेली. अखेर २००३ मध्ये महानगरपालिका, वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि २००८ मध्ये जीर्णोद्धार झालेले संग्रहालय पुन्हा खुले झाले. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही लाभला होता. दीडशे वर्षांच्या या प्रवासात कधी वर्गणी, कधी सरकार, कधी नगरपालिका आणि कधी खाजगी न्यास पुढे आला. कोणताही एक आश्रय कायम पुरला नाही, आणि कोणत्याही एकाच्या अभावी संस्था मेली नाही.

हुबळी-धारवाडमध्येही अशी कामे आता वेगळ्या मार्गाने होतात. १९६२ मध्ये दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०१६ मध्ये जुळ्या शहरांची निवड केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली. उणकल नाल्याच्या काठाने आखलेल्या हरित मार्गाला तर फ्रेंच विकास संस्थेच्या साहाय्याने चालणाऱ्या कार्यक्रमाचा आधार मिळाला. एके काळी येथला कापूस विलायतेस जाई आणि त्याच्या पैशातून मुंबईत बाग होई. आता परदेशातले साहाय्य येथल्या नाल्याकाठच्या झाडांसाठी येते. मार्ग बदलला तरी प्रश्न तोच राहतो. अनुदानाची मुदत संपते, आणि त्या झाडांना पाणी घालण्याचे काम त्यानंतरच सुरू होते.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या ग्रंथात बागेचा हा वृत्तान्त अस्थानी ठरू नये. पुस्तकांचेही झाडांसारखेच आहे. मोठी देणगी कपाटे भरू शकते. वाळवीपासून त्यांना राखते ती मात्र महिन्याच्या महिन्याला नेमाने येणारी सभासदाची वर्गणी. शंभर वर्षे टिकलेल्या कोणत्याही वाचनालयाच्या जमाखर्चाच्या वह्या उघडल्या तर त्यांत तुटीची पाने जागोजागी दिसतील, आणि प्रत्येक तुटीनंतर आणखी एक पान लिहिलेले दिसेल. शताब्दी साजरी होते ती या पुढच्या पानांमुळे.