टाळी द्या, टॉलीगंजला जायचंय

कोलकात्याच्या मेट्रोतून 'महानायक उत्तम कुमार' स्टेशनावर उतरा. जिना चढून रस्त्यावर या. समोर झालमुडीवाला कागदाच्या ठोंग्यात मुरमुऱ्यांवर मोहरीचं तेल ओततोय, त्याच्याकडून एक ठोंगा घ्या. दुसरा हात मात्र मोकळा ठेवा, तो मला लागणार आहे.

काल रात्री तुमच्या भाच्याने जे म्हटलं ते अजून तुमच्या डोक्यात घोळतंय. त्याला 'मुंज्या' भयंकर आवडला होता. म्हणून कौतुकाने तुम्ही त्याला सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन' लावून दिलात. भुतांचा नाच आला तसा तो हसला आणि म्हणाला, "नाच भारी आहे हो, पण हे परत करायला पाहिजे कुणीतरी. आता काय, कॉम्प्युटरवर पाहिजे तेवढी भुतं!" तुम्हाला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. राग येणं सोपं असतं.

चला तर, उत्तर शोधू. नियम त्या सिनेमातलाच. भुतांच्या राजाने गुपी आणि बाघाला तीन वर दिले. त्यातला एक असा, की वरात मिळालेले जोडे पायात घालायचे, गावाचं नाव घ्यायचं आणि एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. एकट्याने काही होत नाही, टाळीला दोघं लागतात. आपण गावाबरोबर सालही घेऊ. बोला, टॉलीगंज, 1968. द्या टाळी.

मेट्रो गेली. ती इथवर 1986 साली येणार आहे. समोर ट्रामचा डेपो आहे. नक्षलबाडीच्या उठावाला वर्ष उलटलंय, भिंती घोषणांनी भरल्यात. मुरमुरे मात्र तुमच्या हातात तसेच आहेत, खात खात चला. या भागात स्टुडिओ शोधावा लागत नाही, गल्लीगणिक एखादा सापडतो.

आत अंधार आहे आणि उकाडा आहे. तो सहा फुटांहून उंच माणूस कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलाय. तेच सत्यजित राय, सगळे त्यांना 'माणिकदा' म्हणतात. 'चारुलता'पासून तो कॅमेरा स्वतःच चालवतो. दिवे सौमेंदू राय यांचे, सेट बन्सी चंद्रगुप्तांचे. मध्ये जाऊ नका, केबल अडकेल पायात.

पैसा कमी आहे. माणिकदांना हा सिनेमा रंगीत करायचा होता, पण तेवढे पैसे कुणी दिले नाहीत. म्हणून सगळा सिनेमा कृष्णधवल आणि शेवटी फक्त थोडासा रंग. भुतांचा नाच साडेसहा मिनिटांच्या आसपास. नाचणारी माणसं खरी आहेत, घाम खरा आहे, तोंडावरचा रंग खरा आहे. नाच शंभुनाथ भट्टाचार्यांनी बसवलाय.

भुतं चार जातींची आहेत. राजे, शेतकरी-कष्टकरी, साहेब आणि ढेरपोटे. साहेब म्हणजे आपले कंपनी सरकारवाले. ढेरपोट्यांत पाद्री आले, वाणी आले, आयुष्यभर बसून खाल्लेले सगळे आले. प्रत्येक जातीला एकेक वाद्य, तेही दक्षिणेकडचं. राजांना मृदंगम, शेतकऱ्यांना कंजिरा, साहेबांना घटम, ढेरपोट्यांना मोरसिंग. भूत म्हटलं की व्हायोलिन किंचाळायला लावायचं, ही सवय इथे कुणाला नाही. नुसता ताल.

आता साहेबांकडे नीट बघा, कारण तुमच्या भाच्याचं उत्तर मला इथे सापडलं. साहेब ताठ उभे आहेत, हात-पाय काटकोनात. ते नेहमीसारखे नाचताहेत, पण कॅमेरा नेहमीसारखा चालत नाहीये. सिनेमा दाखवताना सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. हे साहेब सेकंदाला सोळा चित्रांनी टिपलेत. म्हणजे इथे दीड सेकंद चाललेली हालचाल पडद्यावर एका सेकंदात उरकते. मधली चित्रं मुळात घेतलेलीच नाहीत, त्यामुळे साहेबाचा हात वर जात नाही, एकदम वर असतो. किल्ली दिलेल्या बाहुलीसारखा. ज्यांनी दोनशे वर्षं आपल्याला शिस्त शिकवली, त्यांची शिस्त नेमकी अशी दिसते.

यात खर्च किती आला? काहीच नाही. उलट फिल्म कमी लागली.

ही युक्ती कॉम्प्युटरवर पुन्हा करता येईल का? येईल, आणि इथेच घोळ आहे. कॉम्प्युटर मधली चित्रं भरून देतो, तेच त्याचं कौशल्य. तो साहेबाचा हात लोण्यासारखा वर नेईल. मग कुणीतरी म्हणेल, अहो थोडा झटका पाहिजे. मग चार जण रात्रभर बसून लोण्यातून झटका काढतील. झटका येईल, पण तो ठरवून आणलेला असेल, आणि का आणला हे कुणालाच आठवत नसेल.

पुढे जातीजातींत मारामारी जुंपते. राजे राजांना मारतात, साहेब साहेबांना. मेल्याशिवाय भूत व्हायचं कसं, हा प्रश्न राय यांनी असा सोडवला. शेवटी चारही जाती एकावर एक अशा चार ओळींत नाचतात, कारण भुतांना भांडायला आता काही उरलेलं नाही. चार मजल्यांचा रंगमंच स्टुडिओत उभा करणार कुठून? वेगवेगळं चित्रित करून एका चौकटीत बसवलंय. म्हणजे हाही ट्रिकचाच सिनेमा. हाताने केलेलं ते पवित्र आणि यंत्राने केलेलं ते बाटलेलं, असं मला म्हणायचं नाही. भुतांच्या राजाचा आवाज आठवा, तो चिरका, यमकांत बोलणारा. तो स्वतः राय यांचाच आहे, वेग वाढवून वाजवलेला. या माणसाला यंत्राची लाज नव्हती.

घरातच तसं होतं. हात द्या. गरपार, 1915. टाळी.

ही राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची वास्तू, खाली छापखाना. मूळ गोष्ट यांची. 'संदेश' हे मुलांचं मासिक त्यांनी 1913 साली काढलं आणि गुपी-बाघा त्यातच आले. आजोबा लेखक, चित्रकार, व्हायोलिन वाजवणारे, शिवाय हाफटोन ब्लॉकच्या छपाईत इंग्लंडमधल्या जाणकारांनी दखल घ्यावी एवढे तरबेज. छायाचित्रातली करडी छटा शाईच्या ठिपक्यांनी कशी छापायची यावर त्यांनी शोधनिबंध लिहिले. आजच्या स्पेशल इफेक्टवाल्या पोरांना हा माणूस खुर्ची देऊन बसवून घेता. तेव्हा 'राय यांना नवं तंत्र आवडलं नसतं' असं भाच्याला सांगू नका. ते खोटं ठरेल. त्यांना रंग हवा होता, मिळाला नाही. कॉम्प्युटर मिळाला असता तर त्यांनी तो वापरलाही असता, आपल्या गरजेपुरता.

थोडा लांब वळसा घेऊ? युनिव्हर्सल स्टुडिओ, 1941. टाळी.

इथे लॉन चेनी ज्युनियर खुर्चीत बसलाय आणि जॅक पिअर्स त्याच्या अंगावर याकचे केस चिकटवतोय. 'द वुल्फ मॅन'. माणसाचा लांडगा होताना आधी चेहरा दिसत नाही, फक्त पावलं दिसतात. एकावर एक विरघळणाऱ्या चित्रांतून पावलांवर केस चढत जातात. आज हसू येतं, मान्य. 1981 साली रिक बेकरने 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये हेच लख्ख उजेडात, हाडं ताणून दाखवलं आणि मेकअपसाठीचं नियमित ऑस्कर सर्वांत आधी त्याने नेलं. मग 2010 साली 'द वुल्फमॅन' पुन्हा आला, मेकअपला पुन्हा बेकरच. पण माणसाचा लांडगा होतो तो प्रसंग त्याच्याकडून काढून कॉम्प्युटरकडे दिला. बेकर त्यावर नाराज होता. ऑस्कर पुन्हा मेकअपलाच मिळालं, हा भाग वेगळा.

आपल्याकडेही हे झालंच. 1979 चा 'जानी दुश्मन', लाल पोशाखातल्या नवऱ्या पळवणारा केसाळ राक्षस. 1992 चा 'जुनून', माणसाचा वाघ. यांचे रिमेक करा की, कोण अडवतंय? कल्पना चांगली आणि करणी फसलेली, असा सिनेमा हाच रिमेकचा खरा कच्चा माल. आपण नेमकं उलट करतो. जे जमलेलं असतं त्यालाच हात घालतो, कारण नाव तयार मिळतं.

आता माझी एक अडचण. कोलकाता, 1961. टाळी.

थिएटरात 'तीन कन्या' लागलाय, टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मधली गोष्ट 'मणिहारा'. दागिन्यांच्या हव्यासाने वेडी झालेली मणिमालिका मेल्यावर परत येते आणि दागिन्यांच्या पेटीवर बांगड्या घातलेला हाडांचा हात झडप घालतो. मागच्या रांगेतलं कुणी दचकतं, तुम्ही नाही. तुम्हाला शाळेतल्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवतो. मलाही तोच आठवला. हा हात पुन्हा केला तर माझी हरकत नाही, असं मी म्हणणार होतो.

पण थांबा, उठू नका. घाटावर एक मास्तर ही गोष्ट शाल पांघरलेल्या एका अनोळखी माणसाला सांगतोय. गोष्ट संपल्यावर ऐकणारा म्हणतो, बरीच चुकलात, मीच तो फणिभूषण. आणि जागच्या जागी नाहीसा होतो. पडद्यावर काय झालं? फिल्म कापली आणि जोडली, बस. सिनेमा जन्मला तेव्हापासूनची ट्रिक. बघा, आता तुम्ही झालमुडी खायचे थांबलात. हात दुरुस्त करायचा तर खुशाल करा, पण त्याने या शालीच्या माणसाची भीती वाढायची नाही.

मुंबई, पवई, 2013. ही टाळी पटकन. आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी 'गोपी गवैया बाघा बजैया' हा अॅनिमेशनपट केलाय, हिंदीत. ही आपल्यातली बाई. गोष्ट उपेंद्रकिशोरांची, पण राय यांची चौकट गिरवलेली नाही. चित्रकाराच्या गोष्टीला दुसऱ्या चित्रकाराने नव्याने चितारलं. हे मला पटतं. त्याच वर्षी, जाता जाता, आपला तात्या विंचू 'झपाटलेला 2'मध्ये थ्रीडी झाला. रामदास पाध्यांच्या हातातला पहिला तात्या कुणाला जास्त भ्यायला लावतो, हे भाच्यालाच विचारा.

आणि पैसे असतीलच कुणाकडे, तर ते कुठे घालायचे तेही सांगतो. 1993 साली लंडनमधल्या एका लॅबला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या राय यांच्या कितीतरी मूळ निगेटिव्ह पोळल्या. भुतांना नवं शरीर देण्याआधी आहे ते जपा. ओरखडे काढा, आवाज साफ करा, सोळा चित्रांचे साहेब सोळाच ठेवा.

शेवटची टाळी. ही तुम्हाला मराठी म्हणून द्यायचीय. कलकत्ता, 1742.

हळू. पुढे खड्डा आहे. ही मराठा डिच. कंपनी सरकार आणि गावकऱ्यांनी मिळून शहराभोवती खणायला घेतलेला खंदक. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीनेक मैल झाला आणि मग राहिलाच. पुढे 1799 साली तो बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड होईल आणि तुम्ही सकाळी टॅक्सीने त्यावरून गेला असाल. हा सगळा आटापिटा कुणासाठी? नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या घोडेस्वारांसाठी. भास्करराम कोल्हटकरांची फौज बंगालमध्ये उतरलीय. सरकारी घोड्यावर लढतो तो बारगीर, बंगालीत त्याचं झालं 'बर्गी'. पश्चिमेकडच्या गावांनी जे भोगलं ते खरंच भोगलं, त्यात ट्रिक काही नव्हती. मात्र कलकत्त्यापर्यंत बर्गी कधी पोचलेच नाहीत. खंदक खणणाऱ्यांनी त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडच्या झोपडीत दिवा मालवलाय. एक बाई मुलाला थोपटतेय आणि पुटपुटतेय. बंगाली कळत नसलं तरी एक शब्द तुम्हाला कळेल. पोर चटकन गप्प होतं. आईच्या पदरात तोंड खुपसतं.

चिखलात तुमचा पाय घसरतो आणि तोंडातून 'अगं आई गं' निघता निघता राहतं. बरं झालं. इथे मराठीत काही बोलू नका. हात पुढे करा, लवकर.