ककोरिया

ककोरिया : उत्तर प्रदेशातील महापाषाणीय दफनस्थळ. ते वाराणसीच्या आग्नेयेस, चकिया परिसरात चंद्रप्रभा नदीकाठी वसलेले असून, पूर्वी वाराणसी जिल्ह्यात मोडणारा हा भाग १९९७ मध्ये नव्याने झालेल्या चंदौली जिल्ह्यात गेला. अलाहाबाद विद्यापीठाने गोवर्धनराय शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात येथे उत्खनन केले.

मृताच्या अवशेषांवर वा स्मृतिस्थानी अनघड दगडांची रचना करण्याच्या प्रथेला महापाषाणीय प्रथा म्हणतात. ककोरियात तिचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात : एक शिलाराशी, म्हणजे दफनखड्ड्यावर रचलेला दगडगोट्यांचा ढीग, ज्याच्या कडेने बहुधा मोठ्या धोंड्यांचे वर्तुळ असते, आणि दुसरा शिलापेटिका, म्हणजे उभ्या शिळा लावून तयार केलेली पेटीसारखी कबर. दफनांत मृद्भांडी व सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाची अगदी लहान हत्यारे, मिळाली. लोखंड मात्र मिळाले नाही. बेलन खोऱ्यातील कोटिया येथील दफनांत लोखंडी वस्तू सापडल्यामुळे ककोरियाची दफने त्यांहून जुनी, ताम्रपाषाणयुगीन परंपरेतील मानली जातात. तथापि ककोरियाच्याच चंदौली जिल्ह्यातील मल्हार येथे लोखंडाचा वापर इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जात असल्याचे कार्बन-१४ कालमापनावरून दिसून आल्याने, केवळ लोखंडाच्या अभावावरून काळ ठरविणे पुरेसे नाही.

महाराष्ट्रातही विदर्भातील शिलावर्तुळे महापाषाणीय प्रथेची साक्ष देतात. नागपूरजवळील जुनापाणी येथे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात खोदकाम केले. पुढे माहुरझरी व नायकुंड येथील उत्खननांत लोखंडी अवजारे विपुल मिळाली, तर माहुरझरीत घोड्यांचे अवशेष तांब्याच्या साजासह आढळले. त्यामुळे एकाच बाह्य रचनेखाली निरनिराळ्या काळांचे व समाजांचे दफनाचार असू शकतात, हे स्पष्ट होते.

शिलाराशीचे मोल दगडांत नसून त्यांखालील अवशेषांच्या परस्परसंबंधात असते. शेतीसाठी, खाणकामासाठी वा गुप्तधनाच्या लोभाने ती एकदा विस्कटली, की हा संबंध पुन्हा जुळविता येत नाही. संरक्षित स्मारकांना १९५८च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे संरक्षण असून, २०१०च्या दुरुस्तीनुसार त्यांच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. परंतु रानोमाळ विखुरलेल्या अशा दफनांची राखण कायद्याइतकीच स्थानिक ग्रामस्थांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.