घळीचं तोंड आणि नव्वद अंश

महाडच्या सायबर कॅफेत आम्ही शिवथरची पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायचो. १७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून डोळ्यांत जेमतेम ३२ अंश भरायचा; गेम मात्र त्यात ९० अंशांचं जग कोंबायचा. ही रीत १९९३च्या ‘डूम’ या गेमपासूनची. १९९६च्या ‘क्वेक’मध्ये आज्ञा टाइप करून हा कोन बदलता येई: वाढवला की कडेचा शत्रू दिसे, पण समोरचा बारीक होई. आमच्या शिवथरला समर्थ रामदासांच्या घळीत आत बसलं की धबधब्याची पट्टीच दिसते, तोंडाशी आलं की अख्खा धबधबा; गेममध्ये कोन वाढवणं म्हणजे असंच तोंडाशी येणं. पुढे रुंद पडदे आले. २००७च्या ‘बायोशॉक’मध्ये त्यांवर चौकोनी पडद्यापेक्षा वर-खाली कमी दिसे, खेळाडू भडकले, मग दुरुस्ती आली. आता बऱ्याच गेममध्ये कोनाचा स्लायडर असतो. माझा शंभरावर.