पिस्तुलावरील उलटा आकडा

जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादे चकमकीचे पिस्तूल सापडले, की त्याच्याभोवती आख्यायिका जमू लागतात. कोणी ते पेशव्यांचे म्हणतो, तर कोणी फिरंग्यांचे. अशा वेळी आख्यायिका क्षणभर बाजूला ठेवून प्रथम खुद्द हत्याराची साक्ष घ्यावी, हेच इष्ट.

श्रोते हो, एक उदाहरण कल्पून पाहू. पिस्तुलाच्या नळीवर वाघाच्या पट्ट्यांसारखी नागमोडी नक्षी आहे, फारशी लिपीतील मजकूर आहे आणि त्याच लिपीत ४२२१ असा आकडा आहे. घरची परंपरा सांगते, की पूर्वज परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर श्रीरंगपट्टणास गेले आणि १७९२ च्या तहानंतर हे पिस्तूल घेऊन परतले.

व्याघ्रपट्टा हे टिपू सुलतानाचे आवडते चिन्ह. त्याच्या सैनिकांच्या पोशाखावर, हत्यारांवर आणि सिंहासनावरही ते होते. परंतु नक्षीची नक्कल करणे कठीण नाही. म्हणून आकड्याकडे वळले पाहिजे. टिपूने आपल्या राज्यात मौलूदी नावाचा निराळा शक सुरू केला. १७८७ च्या सुमारापासून त्याच्या नाण्यांवर हा शक दिसतो, आणि त्याचे अंक उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. तेव्हा आपला ४२२१ हा वस्तुतः १२२४ होय.

येथेच खरी मेख आहे. १२२४ हे हिजरी वर्ष मानले, तर ते इ. स. १८०९ मध्ये सुरू होते. टिपू तर ४ मे १७९९ रोजी रणात पडला. घाईने निर्णय देणारा मनुष्य हे हत्यार बनावट ठरवून मोकळा होईल. परंतु मौलूदी १२२४ म्हणजे इ. स. १७९६-९७. म्हणजे टिपूच्या कारकिर्दीशी आकडा बरोबर जुळतो. मात्र त्याच आकड्याने घरची कथा ढासळते. १७९२ साली हे पिस्तूल घडलेलेच नव्हते! ते १७९९ च्या पाडावानंतर, कंपनीच्या फौजेने केलेल्या लुटीतून हातोहात फिरत आले असण्याचा संभव अधिक. त्या लुटीतील काही शस्त्रे विंडसरच्या राजसंग्रहापर्यंत पोहोचली.

चापही तपासावा. तो डाव्या अंगास असला, तर हत्यार डावखुऱ्याचे असे लगेच समजू नये. म्हैसूरच्या कारागिरांनी जोडपिस्तुले घडविताना एकाचा चाप उजवीकडे आणि दुसऱ्याचा डावीकडे बसविल्याची उदाहरणे आहेत. चापावर बदामाच्या आकृतीत कंपनीची अक्षरे आढळली, तर निदान तो भाग तरी कंपनीच्या शस्त्रसाठ्यातला. धातू, लाकूड, लिपी आणि शक यांची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच निर्णय द्यावा.

दोन सूचना मात्र आवर्जून कराव्याशा वाटतात. जुन्या पिस्तुलात बार भरलेला राहिलेला असू शकतो. म्हणून जाणकाराने पाहिल्यावाचून त्याच्याशी खेळू नये. तसेच राखेने वा आम्लाने ते घासून लख्ख करू नये. गंजाबरोबर अक्षरेही जातात आणि साक्षीदार कायमचा मुका होतो.

कथा ढासळली म्हणून त्या कुटुंबाने खिन्न होण्याचे कारण नाही. पूर्वज श्रीरंगपट्टणास गेले नव्हते, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. त्या स्वारीचा पुरावा हे पिस्तूल नव्हे, एवढेच सिद्ध होते. तो पुरावा दप्तरांत शोधावा. पूर्वजांचा मान खऱ्या इतिहासाने उणा होत नाही.